जीवशास्त्रातील आंतरविद्याशाखीय पीएच.डी. : खान्देशातील विद्यार्थ्याने कुठे आणि कशी करावी?

केळीथडी

नमस्कार मंडळी. मी जळगावला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या अंतिम वर्षाला आहे. घर रावेर तालुक्यात, शेती केळीची, आणि माझा प्रश्नही तिथूनच निघालेला आहे. केळीवरचा हरण्या, म्हणजे मावा किडीमार्फत पसरणारा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूचा रोग, पावसाळ्यात एखाद्या बागेत झपाट्याने वाढतो. बांधापलीकडच्या बागेत मात्र त्याच रोपवाटिकेची रोपे असूनही तो तुरळक राहतो. असे का होते, हे मला शोधायचे आहे. या विषयावर पीएच.डी. करावी म्हणून मी काही मार्गदर्शकांना भेटले. विषाणूचा स्ट्रेन (उपप्रकार) ओळखण्याचे काम आमच्याकडे होईल, परंतु मावा हा कीटकशास्त्राचा विषय आहे, हवामान पर्यावरणशास्त्राचा आणि नकाशे व आकडेमोड संगणकशास्त्राचा, त्यामुळे तुमचा विषय आमच्या विभागात बसत नाही, असे उत्तर मला एकाहून अधिक ठिकाणी मिळाले.

माझ्यासमोर आता दोन वाटा दिसतात. एक तर प्रश्न कापून एका विभागापुरता करावा, नाहीतर ज्या संस्थांमध्ये अशा मिश्र संशोधनाची रीतसर सोय आहे तिथे प्रयत्न करावा. आपल्या विद्यापीठात हे शक्य आहे का, बाहेर जायचे असल्यास कोणत्या परीक्षा द्याव्या लागतात, आणि असे संशोधन केलेल्यांना पुढे नोकरीत अडचण येते का, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

गिरणाकाठ

ताई, मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले असून आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न कापू नका, एवढे आधी सांगतो. पण 'आंतरविद्याशाखीय' अशी पाटी असलेला विभाग शोधण्यातही फार वेळ घालवू नका, कारण पाटी असली म्हणजे तिथे दोन विषयांची माणसे एकमेकांशी बोलतात असे होत नाही, आणि पाटी नसलेल्या विभागांतही असे काम उत्तम होताना मी पाहिले आहे.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी झाली आणि जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आहेत. येथील रचना प्रशाळांची आहे. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, संगणकशास्त्र, पर्यावरण व भूशास्त्र या प्रशाळा एकाच परिसरात असल्यामुळे तुमच्या प्रश्नाला लागणारी बहुतेक विद्या चालत जाण्याच्या अंतरावर आहे. राहिला कीटक आणि केळीचे पीकशास्त्र. त्यासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र जळगावातच आहे आणि पालचे कृषी विज्ञान केंद्र तर तुमच्याच तालुक्यात आहे. नियमांचीही आडकाठी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार मुख्य मार्गदर्शकाबरोबर त्याच किंवा दुसऱ्या संस्थेतील सहमार्गदर्शक घेता येतो. ही तरतूद अनेक विद्यार्थ्यांना ठाऊकच नसते आणि काही मार्गदर्शकांना ती ठाऊक असूनही आठवत नाही.

याच विनियमांतील आणखी काही बाबी लक्षात ठेवाव्यात. पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षांचा आणि सर्वसाधारण कमाल कालावधी सहा वर्षांचा आहे, तर कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) असते. कोर्सवर्कमध्ये संख्याशास्त्र किंवा संगणकीय जीवशास्त्र यांसारखा दुसऱ्या प्रशाळेतील विषय घेण्याची मुभा मिळते का, हे नोंदणीपूर्वीच विचारून घ्यावे. एकाच वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी अशी मर्यादा असल्याने 'गाईड मिळत नाही' ही आपल्याकडची तक्रार बऱ्याचदा जागा भरल्यामुळे उद्भवते. म्हणून मार्गदर्शक ठरवताना माणसाबरोबर त्याच्याकडील रिकाम्या जागाही पाहाव्यात.

बाहेरच्या संस्थांपैकी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जैव-अभियांत्रिकीची पीएच.डी. तुमच्या अपेक्षेच्या सर्वांत जवळ जाते, कारण तिथे विद्यार्थ्याला भिन्न विद्याशाखांतील दोन मार्गदर्शकांच्या हाताखाली काम करावे लागते. बंगळुरूचेच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, २००६ साली सुरू झालेली पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) आणि मुंबई आयआयटीचा जैवविज्ञान व जैव-अभियांत्रिकी विभाग येथे भौतिकशास्त्र, गणित आणि अभियांत्रिकीतील विद्यार्थीही जीवशास्त्राच्या प्रश्नांवर काम करतात.

पांझरातीर

गिरणाकाठ सरांचा मान राखून थोडी विरुद्ध बाजू मांडतो. मी धुळ्यात महाविद्यालयात शिकवतो आणि निवड प्रक्रियेत काय चालते हे जवळून पाहतो. जाहिरातीत 'सूक्ष्मजीवशास्त्र' असा विषय असतो आणि पात्रता पाहताना संबंधित किंवा संलग्न विषय कोणता मानायचा, यावर छाननी करणाऱ्यांत मतभेद होतात. ज्याच्या प्रबंधाच्या शीर्षकात उपग्रह प्रतिमा, मावा आणि विषाणू हे तिन्ही शब्द आहेत, त्याच्याकडे कोणताही विभाग हा आपला माणूस म्हणून पाहत नाही. मोठ्या शहरांतील संस्थांना अशी मिश्र पार्श्वभूमी आवडत असेलही. परंतु ज्या मुलीला शिक्षण संपवून पुन्हा जळगाव-धुळ्यातच स्थिर व्हायचे आहे, तिला हा धोका आधी समजला पाहिजे. आंतरविद्याशाखीयतेचे गोडवे गाणारे बहुतेक जण आपापल्या एकाच विषयात आधी कायम झालेले असतात, हेही नमूद करतो.

गिरणाकाठ

पांझरातीर यांचा शेवटचा टोला मला लागू आहे आणि तो मी स्वीकारतो. त्यांच्या मुद्द्यातही तथ्य आहे, फक्त तो कुठे लागू होतो हे पाहू. सहायक प्राध्यापक पदाची पात्रता प्रामुख्याने पदव्युत्तर पदवीचा विषय आणि नेट किंवा सेट यांवर ठरते. ताईंची एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रातच राहणार आहे आणि नेटमधील जीवविज्ञान हा विषय पुरेसा व्यापक आहे. म्हणून माझा सल्ला असा की नोंदणी मूळ विषयातच करावी, सहमार्गदर्शक बाहेरचा घ्यावा आणि प्रबंधाच्या शीर्षकात विषाणू व पीक ठळक ठेवून तंत्रांची नावे आतल्या प्रकरणांसाठी राखून ठेवावीत. असे केल्याने संशोधनाचा आवाका तेवढाच राहतो आणि छाननी समितीपुढे कपाळाला आठ्या पडण्याचे कारणही उरत नाही.

सातपुडा_पायवाट

या चर्चेत आपल्याच भागातील एक उदाहरण यायला हवे. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर कोणालाही खात्रीशीर सापडला नव्हता. रिचर्ड माइनर्टझागेन या ब्रिटिश पक्षिसंग्राहकाच्या संग्रहात १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे मिळाल्याची नोंद असलेला एक नमुना होता आणि त्या नोंदीवर विसंबून पुढच्या शोधमोहिमा चुकीच्या दिशेने गेल्या. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी संग्रहालयातील नमुन्यांची बारकाईने तपासणी केली. पक्ष्याचे कातडे कोणत्या पद्धतीने भरले आणि शिवले आहे, क्ष-किरण प्रतिमेत आतली रचना कशी दिसते, हे पाहून त्यांनी दाखवून दिले की तो नमुना खान्देशात नेमणुकीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात गोळा केलेल्या नमुन्यांपैकीच एक होता आणि नंतर त्यावर खोटी नोंद चढवण्यात आली होती. ती खोटी नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना हा पक्षी शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. मधल्या काळात ११३ वर्षे गेली होती.

यात पक्षिशास्त्र होतेच, शिवाय दप्तरखान्यातील कागदपत्रे वाचण्याची चिकाटी, संग्रहालयातील नमुने तयार करण्याच्या कौशल्याची जाण आणि गुन्हे-अन्वेषणाची दृष्टी होती. त्यानंतर भारतीय संशोधकांनी डीएनएच्या आधारे या पक्ष्याचे वर्गीकरणातील स्थानही तपासले आणि तो स्वतंत्र प्रजातीत (जीनसमध्ये) न बसता पिंगळ्याच्याच अथेनी प्रजातीत येतो, असे दाखवले. यांपैकी एकही काम 'आंतरविद्याशाखीय केंद्र' स्थापन करून झालेले नाही. प्रश्न अडला म्हणून लागेल ती विद्या बोलावली गेली.

ज्यांना वनस्पती, प्राणी किंवा आदिवासी ज्ञानाशी निगडित काम करायचे आहे त्यांनी वनखात्याची परवानगी आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यातील तरतुदी सुरुवातीलाच समजून घ्याव्यात. विशेषतः परदेशी सहकारी असल्यास नमुने किंवा जैविक स्रोतांची माहिती हस्तांतरित करण्यापूर्वी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा संबंध येतो. परवानगीत गेलेले महिने शिष्यवृत्तीच्या मुदतीतूनच वजा होत असतात.

आकडेशास्त्री

मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी असून गेली काही वर्षे जीवशास्त्रज्ञांबरोबर काम करतो आहे. संख्याशास्त्रज्ञाकडे मंडळी माहिती गोळा करून झाल्यावर येतात, ही माझी कायमची तक्रार आहे. केळीथडी यांच्या प्रश्नाचेच उदाहरण घेतो. समजा त्यांनी एका रोगट बागेतील शंभर झाडे आणि एका निरोगी बागेतील शंभर झाडे तपासली. कागदावर दोनशे नोंदी दिसतील, पण बागेच्या पातळीवरच्या प्रश्नासाठी प्रत्यक्षात दोनच नोंदी आहेत. एकाच बागेतील झाडांची जमीन, पाणी, रोपे आणि मालक सारखेच असतात. 'ही बाग का वाचली' असे विचारायचे असेल तर बागा पुष्कळ हव्यात, प्रत्येक बागेतील झाडे तुलनेने थोडी चालतील. हे नोंदणीपूर्वी ठरले तर एका हंगामाचे श्रम वाचतात.

दुसरी बाब उपग्रह प्रतिमांची. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात, त्यांचे सूक्ष्मतम विभेदन १० मीटर आहे आणि दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी त्याच जागेची प्रतिमा मिळते. हे ऐकून विद्यार्थी हुरळतात. मात्र हरण्या जोर धरतो तो जुलै-ऑगस्टच्या ढगाळ, रिमझिम हवेत, आणि नेमके तेव्हाच प्रकाशीय प्रतिमेत बागांऐवजी ढग दिसतात. सेंटिनेल-१ चे रडार ढगांतून पाहू शकते, परंतु पानावरचे पिवळे पट्टे रडारला दिसत नाहीत. मग उपग्रहाचा उपयोग रोग ओळखण्यासाठी न करता कोणत्या शिवारात मृगबाग (जून-जुलैत लावलेली केळी) आहे, कोणत्या शिवारात कांदेबाग (सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली केळी) आहे आणि त्यांच्या आसपास काकडीवर्गीय वेलभाज्या किती आहेत, हा नकाशा कोरड्या महिन्यांतील प्रतिमांवरून तयार करण्यासाठी करावा. हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर जगू शकणाऱ्या विषाणूच्या बाबतीत शेजारच्या पिकांचा नकाशा हीच अर्धी गोष्ट असू शकते. तंत्राची मर्यादा आणि जीवशास्त्र दोन्ही एकाच डोक्यात असल्याशिवाय असा निर्णय घेता येत नाही. म्हणून जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने संगणकतज्ज्ञाला केवळ सेवा पुरवणारा समजू नये आणि स्वतः आर किंवा पायथन यांपैकी एका संगणकीय भाषेत स्वतःची माहिती स्वतः तपासता येईल इतकी तयारी करावी.

नंदुरबारकर

मी आरोग्यसेवेत आहे, म्हणून सिकलसेलबद्दल लिहितो. हा आजार कोणत्या जनुकातील बदलामुळे होतो हे फार पूर्वीच कळले आहे. हिमोग्लोबिनमधील बीटा-ग्लोबिन साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि त्यामुळे ऑक्सिजन कमी असताना तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. पण आमच्याकडील खरे प्रश्न त्यापुढे सुरू होतात. भारतात आढळणाऱ्या अरब-भारतीय हॅप्लोटाइपमध्ये (एकत्र वारशाने येणाऱ्या जनुकीय खुणांच्या संचात) गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण तुलनेने जास्त राहते आणि त्यामुळे आजार काहीसा सौम्य असतो असे मानले जाते. तरीही एकाच पाड्यावरील दोन रुग्णांपैकी एक वारंवार वेदनेने दवाखान्यात येतो आणि दुसऱ्याला फारसा त्रास होत नाही. हा फरक जनुकांचा किती, पाणी कमी पडणे, मलेरिया, कुपोषण आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर यांचा किती, हे एकट्या जनुकशास्त्रज्ञाला सांगता येणार नाही.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात शून्य ते ४० वयोगटातील सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणीनंतर 'वाहक' असल्याचे कार्ड हातात आलेल्या तरुण-तरुणींना ते काय सांगते हे भिली किंवा पावरी बोलीत समजावणे, आणि त्या कार्डाचा लग्न ठरताना होणारा परिणाम अभ्यासणे, हाही जैववैद्यकीय संशोधनाचाच भाग मानावा लागेल. त्यासाठी समाजशास्त्र आणि भाषाशास्त्र यांचे विद्यार्थी हवेत. आमच्या भागात येऊन रक्ताचे नमुने घेऊन गेलेले आणि निष्कर्ष सांगायला कधीही परत न आलेले अभ्यासक लोकांच्या चांगले लक्षात आहेत. मानवी नमुन्यांवर काम करणाऱ्याने संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि समजेल अशा भाषेतील संमतीपत्र यांना केवळ कागदी सोपस्कार मानू नये.

केळीथडी

सर्वांचे मनापासून आभार. आकडेशास्त्री यांच्या उत्तरामुळे माझ्या आराखड्यातील बरेच काही बदलेल. दोन शंका राहिल्या. नेटच्या नव्या पद्धतीत आता नेमके काय असते आणि अर्थसाहाय्य कुठून मिळू शकते, हे कुणी सांगेल का? घरून खर्चाची फारशी अपेक्षा नाही. दुसरी शंका अशी की मार्गदर्शकांना पहिले पत्र लिहिताना संपूर्ण प्रश्न मांडावा की त्यांच्या विषयापुरताच?

पांझरातीर

पहिल्या शंकेचे उत्तर देतो. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो : कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह सहायक प्राध्यापक पात्रता, सहायक प्राध्यापक पात्रता व पीएच.डी. प्रवेश, आणि केवळ पीएच.डी. प्रवेश. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात प्रवेशासाठी परीक्षेच्या गुणांना ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार असतो आणि ते गुण प्रवेशासाठी एक वर्ष चालतात. जीवविज्ञानाची परीक्षा सीएसआयआर-यूजीसी नेटमधून २०० गुणांची होते. त्यात 'क' भागाला १०० गुण असून ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे असतात, आणि पाठांतरावर विसंबलेली मुले तिथेच अडखळतात. अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ स्तरावर ४२,००० रुपये आहे, घरभाडे वेगळे.

याखेरीज गेटमध्ये जीवविज्ञान व जैवतंत्रज्ञान असे दोन वेगळे पेपर आहेत. राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रासाठी जेजीईईबिल्स (JGEEBILS) ही परीक्षा असते आणि तिच्यात गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राची मूलभूत तयारीही तपासली जाते. राज्य पातळीवर बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) व महाज्योती (इतर मागास आणि भटके-विमुक्त), तर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या जनजातीय कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती अशा योजना आहेत. ज्या प्रवर्गासाठी आपण पात्र असू त्या योजनेच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे, कारण बहुतेक ठिकाणी पीएच.डी.ची नोंदणी आधी झालेली असणे ही अट असते. आधी पैसे मिळू दे मग नोंदणी करू, असे म्हणणाऱ्यांची गाडी तिथेच चुकते.

माझा मूळ आक्षेप मी अजून मागे घेतलेला नाही. पण मूळ विषयात नोंदणी आणि बाहेरचा सहमार्गदर्शक ही गिरणाकाठ सरांची तोड मला मान्य आहे.

कपाशी_चोपडा

शेतकऱ्याच्या बाजूने एक भर घालतो. गुलाबी बोंडअळीचे उदाहरण ताईंनी जरूर अभ्यासावे. बीटी कपाशी २००२ साली आली आणि दोन जनुकांची बोलगार्ड-२ २००६ साली. अळीत प्रतिकारशक्ती निर्माण झाल्यावर २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात काय झाले हे आम्ही भोगले आहे. प्रयोगशाळेला प्रतिकाराचे जनुक सापडते. पण फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी) का घेतली जाते, आश्रय पिकाचे (बीटीभोवती लावायच्या बिगर-बीटी कपाशीचे) बियाणे बांधावर का पेरले जात नाही आणि जिनिंगच्या आवारातून पतंग पुन्हा शेतात कसे येतात, याचे उत्तर बाजारभाव, गुरांचा चारा आणि मजुरी यांत दडलेले असते. हरण्याचेही तसेच आहे. रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करावे हे सर्वांना माहीत आहे. परंतु रोप, ठिबक आणि खत यांवर खर्च झालेला शेतकरी आणखी आठ दिवस वाट पाहू असे म्हणतो आणि तेवढ्यात मावा आपले काम उरकतो. हे आठ दिवस तुमच्या गणितात आले नाहीत तर प्रबंध पूर्ण होईल, पण बांधापलीकडची बाग का वाचली ते कळणार नाही.

गिरणाकाठ

कपाशी_चोपडा यांनी सांगितलेला उपटण्यातील विलंब ही मोजता येण्याजोगी गोष्ट आहे आणि माझ्या मते तुमच्या प्रबंधातील सर्वांत नवा भाग तोच ठरू शकेल.

तुमच्या दुसऱ्या शंकेबद्दल. पत्र दोन परिच्छेदांचे असावे. पहिल्यात संपूर्ण प्रश्न चार-पाच वाक्यांत मांडा आणि दुसऱ्यात त्या मार्गदर्शकांच्या विषयाशी जोडलेला नेमका भाग लिहा. संभाव्य सहमार्गदर्शकाशी तुमचे बोलणे झाले असल्यास तसेही नमूद करा. मार्गदर्शकाला भीती असते ती आपल्याला न येणाऱ्या विषयात विद्यार्थी अडकला तर सोडवणार कोण याची, आणि त्या भीतीचे उत्तर पत्रातच मिळाले तर 'विषय बसत नाही' हे वाक्य पुष्कळदा येत नाही. दोन्ही मार्गदर्शकांपैकी प्रयोगशाळेचा खर्च कोणाच्या प्रकल्पातून होणार आणि शोधनिबंधावर नावांचा क्रम कसा राहणार, हे पहिल्या सहा महिन्यांत लेखी ठरवून घ्यावे. यावरून बिघडलेले संबंध मी पाहिले आहेत आणि त्यात भरडला जातो तो विद्यार्थी.

आकडेशास्त्री

नोंदणी होईपर्यंत थांबू नये, असे मला वाटते. पानांचे नमुने साठवण्याच्या भानगडीत आत्ता पडू नका, कारण विषाणूचा आरएनए योग्य शीतसाठवणीशिवाय टिकत नाही. पण वही सुरू करता येईल. ओळखीच्या जितक्या बागा मिळतील तितक्या घ्या आणि प्रत्येकीसाठी लागवडीची तारीख, मृगबाग की कांदेबाग, रोपे कोणत्या रोपवाटिकेची व कोणत्या खेपेची, शेजारच्या चारही बांधांपलीकडे कोणते पीक, पहिले रोगट झाड दिसल्याचा दिवस आणि ते उपटल्याचा दिवस एवढे लिहून ठेवा. फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश घ्या. ज्या बागेत रोग आलाच नाही तिचीही नोंद तितक्याच काळजीने करा, कारण नेमक्या त्याच नोंदी लोक गाळतात. मुलाखतीला जाताना ही वही बरोबर न्या. तक्ता कसा आखावा यासाठी नमुना हवा असल्यास मी याच धाग्यावर टाकतो.

केळीथडी

नमुना जरूर टाकावा. आमच्या आणि मामांच्या गावातील बागा धरून सुरुवात करते. केळी संशोधन केंद्रात कीटकशास्त्राच्या तज्ज्ञांना भेटण्यासाठी पुढच्या आठवड्यात जाणार आहे, आणि माव्याच्या नोंदीसाठी पिवळे चिकट सापळे किती अंतरावर लावावेत हे तिथेच विचारून येथे लिहीन.